बंगल्याच्या मागच्या दारानं

नेरळ आलं. उतरा लवकर! मे महिन्याची दुपार आहे, फलाट चपलेतूनही पाय भाजतोय. कोळशाचा धूर, घोड्यांची लीद, घाम, सगळे वास एकदम नाकात शिरतात. “डोली हवी का? घोडा? सामान?” चारी बाजूंनी गलका. माथेरानची छोटी गाडी सुरू होणार 1907 साली आणि तुम्ही तिच्याही आधी येऊन पोचलात. तेव्हा चला पायी.

चढ अंगावर येतो. घशाला कोरड पडलीय? वाटेवरची करवंदं तोंडात टाका. बोटं चिकट होतील, होऊ द्यात. तुमच्या पुढे हमाल चाललेत, अनवाणी. डोक्यावर ट्रंका, बिछाने, खुर्च्या. साहेबाची कपबशीसुद्धा याच वाटेनं वर जाते.

माथ्यावर वारा भेटतो. झाडीत बंगला दिसतो. जोतं चांगलं उंच, ओल आणि साप आत येऊ नयेत म्हणून. दगड इथलाच, तांबडा जांभा. हात फिरवा, खरखरीत लागेल. आता व्हरांड्यात या. अंगाची काहिली कशी थांबली! विलायतेत खिडक्या ऊन घरात घ्यायला. इथे हा रुंद व्हरांडा ऊन बाहेर ठेवायला. छप्पर इतकं खाली उतरवलंय की तिरपा पाऊसही भिंतीला लागू नये. आतलं छत मात्र उंच. गरम हवा वर चढते, झरोक्यांतून निघून जाते.

पण दिवाणखान्यात रेंगाळू नका, मागे चला. स्वयंपाकघर मुख्य घरापासून सुटं, धूर आणि आगीच्या धाकानं. लाकडं ओली आहेत, डोळे चुरचुरतात. झऱ्यावरून पखाल भरून भिस्ती आला. वाकलेला, पाठ भिजलेली. न्हाणीघराला बाहेरून वेगळं दार आहे, ते त्याच्यासाठी. पाणी येतं, आणणारा पाहुण्यांना दिसत नाही.

कॅप्टन बार यांनी 1852 साली बांधलेलं बार हाउस माथेरानात अजून उभं आहे; आता तिथे हॉटेल चालतं. जाल तेव्हा व्हरांड्यात निवांत बसाच, पण एक चक्कर मागच्या अंगालाही मारा. हे बंगले साहेबांच्या आराखड्यावर जेवढे उभे राहिले, तेवढेच नेरळहून ओझी घेऊन चढलेल्या माणसांच्या मानेवरही.