पायथनच्या दफ्तरी मोडी

संगणकाच्या भाषांचा इतिहास लिहिताना त्यांच्या वेगाचे नि सुबकतेचे गोडवे पुष्कळ गायिले जातात. परंतु परक्या लिपीतील मजकूर हाती आल्यावर त्या कशा वागल्या, ही कसोटी त्यांना क्वचितच लावली जाते. गुइडो व्हान रॉसम यांनी आम्सटरडॅममध्ये रचलेली पायथन आणि युनिकोड संहितेची पहिली आवृत्ती, दोन्ही १९९१ सालच्याच. तथापि या समवयस्कांची रीतसर गाठ पडावयास २००० साल उजाडावे लागले.

तीही गाठ अर्धवटच. बाइटांची माळ आणि अक्षरांचा मजकूर हे भिन्न पदार्थ असताना दुसऱ्या पिढीच्या पायथनने त्यांची सरमिसळ करण्याची मुभा दिली, आणि सरमिसळ होताच बाइटांचा अर्थ मुकाट्याने आस्कीच्या १२८ चिन्हांत लावला. परिणामी इंग्रजी नावांवर बिनबोभाट चाललेला प्रोग्रॅम एखादे मराठी आडनाव येताच कोसळे, आणि यूटीएफ-८ मध्ये साठविलेल्या ‘मराठी’ या शब्दाची लांबी पंधरा भरे. डिसेंबर २००८ मधील ३.० आवृत्तीने ही मुभा रद्द केली. जुने प्रोग्रॅम मोडले, ओरड झाली, जुन्या शाखेची मुदत २०१५ वरून २०२० पर्यंत वाढवावी लागली. तरी तो हुकूम मला न्याय्य वाटतो, कारण जुन्या ढिलाईची किंमत आस्कीबाहेरच्या लोकांनीच मोजली होती. ‘मराठी’ची लांबी आता पाच भरते, काना आणि वेलांटी अद्याप स्वतंत्र मोजल्या जातात, ते असो.

मोडीची कथा याहून विलक्षण आहे. पेशवे दफ्तरातील असंख्य कागद जिच्यात लिहिले गेले, त्या लिपीला युनिकोडात स्थान मिळाले ते २०१४ साली, सातव्या आवृत्तीत, आणि तेही मूळच्या ६५,५३६ घरांच्या पलीकडे. पायथन ३.२ पर्यंत इंटरप्रिटरची बांधणी ‘अरुंद’ वा ‘रुंद’ अशी दोन प्रकारची असे, आणि अरुंद बांधणीत त्या सीमेपलीकडील प्रत्येक चिन्ह दोन तुकड्यांत ठेवले जाई. म्हणून आवृत्ती एकच असूनही मोडीचे एक अक्षर एका यंत्रावर एक, तर दुसऱ्यावर दोन मोजले जाई. २०१२ मधील ३.३ आवृत्तीने प्रत्येक मजकुरास त्यातील चिन्हांच्या गरजेनुसार एक, दोन वा चार बाइटांची घरे देऊन हा तंटा मिटविला.

मोजणी सुधारली तरी ओळख पटण्यास आणखी अवकाश होता, कारण प्रत्येक इंटरप्रिटर आपल्या काळची युनिकोड-यादीच जवळ बाळगतो: ३.४ पाशी ६.३ ची यादी असल्याने मोडीतील ‘क’ हे अक्षर आहे काय, या प्रश्नास तो नकार देतो. २०१५ मधील ३.५ पाशी आठव्या आवृत्तीची यादी आहे, म्हणून तो होकार देतो.