उजेड आत, नजर बाहेर

खिडकीची काच बदलावयाची झाली की दुकानदार आज नमुन्यांची चळतच पुढे ठेवतो. दाणेदार, दुधी, फुलापानांची, बाहेरून आरशासारखी चकाकणारी. गिऱ्हाईक बहुधा नक्षी पाहून निवड करते. पण त्या चळतीतील प्रत्येक तुकडा एका फार जुन्या प्रश्नाचे उत्तर आहे: घरात उजेड यावा, पण रस्त्यावरची नजर येऊ नये, हे कसे साधावे? आपल्या वाडवडिलांनी ज्या ज्या मुलुखात बिऱ्हाड केले, तिथे या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे रूढ होती. ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली की त्यांच्याआड दडलेला दुसरा प्रश्न दिसू लागतो. आडोसा हवा खरा, पण तो कोणाच्या सोयीचा?

ग्वाल्हेरच्या मराठी घराण्यांना मुहम्मद घौस यांची कबर परिचयाची आहे. सोळाव्या शतकातील या इमारतीच्या भोवताली दगडी जाळ्यांच्या भिंतीच आहेत. जाळीची करामत साधी आहे. आत अंधार आणि बाहेर ऊन असेपर्यंत बाहेरच्याला जाळीपलीकडचे काही दिसत नाही, आतल्याला मात्र सारा रस्ता दिसतो. वाड्यातला लाकडी झरोका आणि बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा याच नियमावर चालत. सज्जात बसलेली स्त्री स्वतः न दिसता मिरवणूक पाहू शके. पडदा तिच्यावर लादलेला होता हे खरेच. परंतु त्या पडद्याने तिचे पाहणे तरी हिरावून घेतले नव्हते. दिवेलागण झाली की मात्र हा सौदा उलटतो. दिवा आत आणि अंधार बाहेर, म्हणजे घरातले सर्व काही रस्त्याला दिसणार. म्हणून जाळीमागे लाकडी दारे असत आणि ती तिन्हीसांजेला लावली जात.

गोव्यात वेगळीच परंपरा दिसते. तिथल्या जुन्या घरांत आणि चर्चमध्ये काचेच्या जागी शिंपले बसवलेले आढळतात. प्लाकुना प्लासेंटा या शास्त्रीय नावाच्या कालवाचा हा शिंपला तळहाताएवढा, जवळजवळ सपाट आणि इतका पातळ असतो की उजेड त्यातून झिरपतो. कडा छाटून त्याला चौकोनी आकार द्यायचा आणि खाचा पाडलेल्या लाकडी पट्ट्यांत एकेक तुकडा सरकवून बसवायचा, एवढीच रीत. एखादा फुटला तर तेवढाच बदलता येई. काच दुर्मिळ असण्याचा तो काळ होता. 1670 च्या दशकात हिंदुस्थानात आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने सुरतेविषयी लिहिताना नोंदवले आहे की, काच तिथे अतिशय महाग. जी थोडी मिळे ती व्हेनिसची, इस्तंबूलमार्गे आलेली. त्यामुळे खिडक्यांना कोरीव लाकडी जाळ्या, अभ्रक किंवा बहुतकरून शिंपलेच असत. म्हणजे ही रीत एकट्या गोव्याची नव्हे. फिलिपाईन्समध्ये स्पॅनिश अमदानीतील घरांतही याच शिंपल्याची तावदाने आहेत.

शिंपल्याचा गुण असा की तो ऊन गाळून मऊ करतो, आणि मुसळधार पावसातही खिडकी मिटून खोली उजळ ठेवतो. रात्री दिवा लावला तरी बाहेरून दिसते ती नुसती पिवळसर झळाळी. फार तर तावदानाजवळून जाणाऱ्याची सावली. जाळीची उणीव अशी भरून निघाली. पण किंमत मोजली ती आतल्या माणसाने! शिंपल्यातून बाहेरचेही काही दिसत नाही. खिडकी बंद केली की रस्ता बंद. आमच्या मते जाळी आणि शिंपला यांतला खरा भेद हा आहे, आणि सौंदर्याच्या चर्चेत तो हरवून जातो.

एकोणिसाव्या शतकात काच स्वस्त झाली ती यंत्रामुळे. संडरलंडच्या जेम्स हार्टली याने 1847 मध्ये काचेचा रस ओतून रुळाने पत्रा लाटण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे 1890 मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या चान्स बंधूंच्या कारखान्यात नक्षीचे रूळ वापरून फुलापानांची काच निघू लागली. दरम्यान 1870 मध्ये अमेरिकेच्या टिल्घमन याने वाळूचा जोरकस मारा करून काच खरवडण्याची युक्ती शोधली. दुधी काच सोपी झाली ती तिच्यामुळे. आपल्याकडे ‘बेल्जियमची काच’ हा शब्दच उत्तम मालाचा पर्याय होऊन बसला. (तळेगावचा पैसाफंड काच कारखाना 1908 चा आणि ओगलेवाडीचा 1916 चा, पण ओगल्यांचे नाव घराघरांत पोचले ते कंदिलामुळे, तावदानांमुळे नव्हे.)

बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात, जो 1890 मध्ये पुरा झाला, दरबार सभागृहाला बेल्जियमची रंगीत चित्रकाच आहे आणि वर राजस्त्रियांसाठी कोरीव सज्जेही आहेत. एकाच छताखाली दोन्ही उत्तरे नांदली. त्याच घराण्यातील महाराणी चिमणाबाई 1927 मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षस्थानी बसल्या. पडद्याचे कारण असे उणावत गेले. आडोशाची गरज मात्र राहिली, आणि ती आता सगळ्या घराचीच झाली.

म्हणून काच निवडताना आम्ही नक्षीआधी दोन गोष्टी पाहण्यास सांगू. पहिली, रात्र. आरशासारखी चकाकणारी काच ही जाळीचीच नात. दिवसा ती बाहेरच्याला अडवते आणि दिवे लागताच दगा देते. शयनगृहाला ती एकटी पुरत नाही, पडदा लागतोच. दुसरी, पाणी. खरवडलेली दुधी काच भिजली की त्या ओरखड्यांत पाणी भरते आणि ती पारदर्शक होऊ लागते. न्हाणीघरात तिची गुळगुळीत बाजू आत ठेवावी. दर्शनी दाराला फुलापानांची काच चांगली, कारण तीतून कोणी आले आहे एवढे कळते, कोण ते कळत नाही. जिथे घरातले वृद्ध दिवसभर बसून असतात त्या ओसरीच्या खिडकीला मात्र दुधी काच लावू नये. तिथे जाळी किंवा चीकच हवी. त्यांचा रस्ता त्यांना दिसू द्यावा.

नव्या काचेपायी जुन्या खिडक्या निघतात आणि भंगारात किंवा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे जातात, ही गोष्ट आम्हांस सलते. शिंपल्याच्या खिडकीबाबत तर ती अधिकच गंभीर आहे. झुआरीच्या मुखाशी चिखलीच्या खाडीत हे कालव अजून आहे, परंतु 2001 पासून त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने नवे शिंपले काढणे उचित नाही आणि कायदेशीरही नाही. दुरुस्तीला लागणारे तुकडे जुन्या खिडक्यांतूनच मिळायचे. तेव्हा मोडकी झडप निघाली तरी तीतले धड शिंपले सुटे करून, कागदात गुंडाळून, माळ्यावर ठेवावेत. काचेच्या जुन्या फुलापानांचेही तेच. ज्या रुळांवर ती नक्षी उमटली ते रूळ आता बहुधा चालत नाहीत.