ना पेट्रोल, ना उष्णता: अणूंचा 'स्वभाव' बदलून चालणारं क्वांटम इंजिन काय आहे?

गंगापूर रोडवर सिग्नल सुटला की सगळ्या गाड्या एकदम गुरगुरतात. इलेक्ट्रिक सोडल्या तर प्रत्येकीच्या पोटात एकच गोष्ट घडते. इंधन जळतं, वायू तापतो, फुगतो आणि पिस्टन ढकलतो. पण वायू न तापवताच फुगवता आला तर?

सप्टेंबर 2023 मध्ये 'नेचर'मध्ये असं एक इंजिन प्रसिद्ध झालं. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमधल्या आर्टुर विडेरा यांच्या टीमनं ते प्रयोगशाळेत चालवलं. जपानच्या ओकिनावातले शास्त्रज्ञही सोबत होते.

इथे इंधनाच्या जागी लिथियम-6 चे अणू आहेत. उणे 273.15 अंश सेल्सिअसच्या अगदी जवळ थंड केलेले आणि लेझरच्या सापळ्यात धरलेले. सापळा हाच सिलिंडर.

खरी मेख पुढे आहे. निसर्गात कण दोन स्वभावांचे. फर्मिऑन म्हणजे कालिदास कलामंदिरातले तिकीटवाले प्रेक्षक: एका खुर्चीवर एकच, खालच्या रांगा भरल्या की वरच्या रांगेत जा. बोसॉनना (नाव आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून) असली शिस्त नाही, सगळे पहिल्याच खुर्चीत मावतात. वरची रांग म्हणजे जास्त ऊर्जा.

लिथियम-6 चा एकटा अणू फर्मिऑन असतो, पण दोघांची घट्ट जोडी जमली की ती बोसॉनसारखी वागते. जोडी घट्ट की सैल, हे चुंबकीय क्षेत्र ठरवतं.

मग इंजिन असं चालतं. आधी सापळा आवळून जोड्या दाबायच्या. चुंबकीय क्षेत्र वाढवून साधारण 832 गाऊसला न्यायचं. जोड्या सैल होतात, प्रत्येक अणू आपापली खुर्ची मागतो, वर चढतो. ऊर्जा वाढली, तीही शेगडी न पेटवता! आता सापळा सैल केला की वायू जोरात पसरतो आणि काम मिळतं. क्षेत्र पूर्ववत केलं की पुन्हा जोड्या. एक फेरी पूर्ण.

ऊर्जा फुकटची नाही हं. चुंबकीय क्षेत्र बदलताना ती आत येते. म्हणूनच काटेकोरपणे याला उष्णता इंजिन म्हणता येत नाही. कार्यक्षमता 25 टक्क्यांपर्यंत मोजली गेली, पण त्यात लेझर, चुंबक आणि थंडाव्यासाठी लागणाऱ्या विजेचा हिशोब नाही. तेव्हा 'आता यावर बाइक धावणार' असा मेसेज आला तर फॉरवर्ड करू नका.

उपयोग आहे तो सूक्ष्म क्वांटम यंत्रांत ऊर्जा कशी साठते, कशी फिरते हे समजण्यासाठी. अशा अतिशीत अणूंवर पुण्यात पाषाणच्या आयसरमध्ये आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्येही संशोधन होतं.