घरगुती बिअरनिर्मिती: पाणी व बाटलीभरण

बिअरमध्ये ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील 'पेल एल' ही बिअर तेथील विहिरींच्या जिप्समयुक्त पाण्यामुळे नावारूपास आली. इतरत्र पाण्यात जिप्सम मिसळण्यास 'बर्टनायझेशन' म्हणतात. नवशिक्यांच्या दृष्टीने मात्र नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवणे अधिक महत्त्वाचे, कारण त्यामुळे बिअरला औषधासारखा वास येतो. क्लोरीन उकळल्याने निघून जाते. क्लोरामाइन सहजासहजी जात नाही, त्यासाठी अत्यल्प पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतात.

किण्वन संपल्यावर प्रतिलिटर सुमारे ६ ग्रॅम साखर घालून बाटल्या भरतात. उरलेले यीस्ट ती साखर आंबवते आणि त्यातून निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड बिअरमध्ये विरघळतो. किण्वन अपुरे असताना बाटल्या बंद केल्यास दाब वाढून काच फुटते व गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे हायड्रोमीटरवरील घनता काही दिवस स्थिर राहिल्यावरच बाटलीभरण करतात.