गाथेतील अक्षरे मोजताना

विहारात वंदना घेताना आपण गाथा चालीवर म्हणतो. ती चाल कुठून येते हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. धम्मपदाच्या ४२३ गाथांपैकी बहुतेक गाथा 'वत्त', म्हणजेच अनुष्टुभ छंदात आहेत. चार पाद आणि प्रत्येक पादात ८ अक्षरे, अशी तिची साधी बांधणी असते. काही गाथा सहा पादांच्याही आहेत.

ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघु. दीर्घ स्वराचे, अनुस्वाराचे किंवा पुढे जोडाक्षर असलेले अक्षर गुरू. म्हणून 'धम्म' शब्दातला 'ध' ऱ्हस्व असूनही गुरू ठरतो. पादाची पहिली चार अक्षरे बरीच मोकळी असतात, खरा नियम पुढच्या चारांत आहे. दुसऱ्या आणि चौथ्या पादात पाचवे लघु, सहावे गुरू, सातवे लघु. आठवे कसेही चालते. पहिल्या-तिसऱ्या पादात सातवे बहुधा गुरू असते.

बुद्धवग्गातल्या एका प्रसिद्ध गाथेत 'बुद्धानं' ऐवजी 'बुद्धान' येते. अनेकांना ती छपाईची चूक वाटते. पण त्या पादात 'न' पाचव्या जागी आहे. तिथे लघु हवा, म्हणून अनुस्वार गळला आहे. कुणी 'दुरुस्ती' करून तो परत लावला की छंद मोडतो.

इथेच आपल्या मराठी जिभेची अडचण येते. आपण शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळतो, 'बुद्धान' चा उच्चार 'बुद्धान्' असा करतो. मग आठाची सात अक्षरे होतात आणि उरलेली जागा भरायला कुठलातरी स्वर उगाच लांबवावा लागतो. पालीत शेवटचा 'अ' पूर्ण उच्चारायचा असतो.

हा काही शुद्धतेचा सोवळेपणा नव्हे, तो आपल्याला नकोच. तिपिटक इसवी सन पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत लिहिले जाईपर्यंत मौखिक होते. पद्यभागात एखादे अक्षर गळले तर म्हणणाऱ्यांच्या कानाला खटकावे, ही छंदाची राखण होती.

सगळ्या गाथा अशा अक्षरांवर चालत नाहीत. करणीय मेत्त सुत्त आर्येच्या जुन्या प्रकारात, मात्रांवर बांधलेले आहे: लघुची एक मात्रा, गुरूच्या दोन. त्याला अनुष्टुभाची चाल लावली की ओढाताण होते.

मराठीतही हे दोन्ही मार्ग आहेत. मोठा अभंग ६-६-६-४ अशा अक्षरांवर उभा राहतो, तर जातिवृत्त मात्रांवर. वामनदादा कर्डकांना (१९२२–२००४) अक्षरओळख मोठेपणी झाली. छंदशास्त्राच्या पोथीशिवायही लय कानातून येते, याला आपल्यासाठी त्यांच्याहून मोठा दाखला नाही. जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गाणाऱ्या बायांचेही तेच.

धम्मवर्गात मुलांना शिकवताना आम्ही आधी अर्थ सांगतो. मग प्रत्येक अक्षराला बोट टेकवत एक पाद म्हणून घेतो, लघुला हलके, गुरूला जरा थांबून. आठव्या बोटाला शब्द संपला नाही, तर कुठे अडखळलो ते मुलेच शोधतात.