अवेळी उठणे (खो-खो)

खो-खोतील एक नियमभंग. मधल्या पाटीवरील चौकोनात बसलेला पाठलाग करणारा गडी खो मिळण्याआधीच उठला, तर हा नियमभंग धरतात. नियमपुस्तकात त्याला जेमतेम एका वाक्याची जागा आहे. धावताना घेतलेली दिशा बदलणे, मधली पाटी ओलांडणे हे नियमभंग प्रेक्षकांनाही दिसतात, त्यामुळे त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. नव्या पंचाची खरी परीक्षा मात्र अवेळी उठण्यावर होते.

नियमांचा इतिहास : खो-खोला लेखी नियम देण्याचा पहिला प्रयत्न पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये केला. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२४ मध्ये नियम प्रसिद्ध केले. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांत एकरूपता आणली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे झाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवायला गेले होते. त्यांत खो-खोही होता, असे सांगितले जाते.

मैदान व बैठक : प्रचलित मैदान २७ × १६ मी. असते. दोन खांबांना जोडणारी ३० सेंमी. रुंदीची मधली पाटी मैदानाचे दोन भाग करते. आठ आडव्या पाट्या तिला छेदतात आणि त्या छेदांवर आठ चौकोन तयार होतात. त्यांत आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववा गडी धावतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, म्हणून पळणारा गडी पलीकडे गेला की खो द्यावा लागतो. खो पाठीमागून, हाताचा स्पर्श करून आणि ऐकू जाईल असा उच्चारून द्यायचा असतो. त्यानंतरच बसलेल्याने उठायचे आणि खो देणाऱ्याने लगेच त्याच्या जागी बसायचे.

बसण्याच्या दोन रीती शिकवल्या जातात. एकीत दोन्ही पावले समांतर असतात. दुसरीत धावण्याच्या शर्यतीच्या सुरुवातीसारखे एक पाऊल पुढे, एक मागे आणि हातांचे तळवे जमिनीवर टेकलेले असतात. दुसऱ्या रीतीत मागची टाच आधीपासूनच वर असते, त्यामुळे टाच उचलली एवढ्यावरून काही ठरत नाही. अनुभवी पंच तळव्यांकडे आणि कमरेकडे पाहतात : हात सुटले आणि कंबर वर आली, की उठणे सुरू झाले. नुसते खांदे हलणे, मान वळवणे किंवा बसल्या जागी वजन पुढे घेणे याला उठणे म्हणावे का, याबाबत पंचांमध्ये एकमत आढळत नाही.

पंचांची दृष्टी : सामन्याला दोन पंच व एक सरपंच असतात, शिवाय वेळाधिकारी आणि गुणलेखक. दोन्ही पंच मैदानाबाहेर समोरासमोर उभे राहतात. मधल्या पाटीने केलेला एकेक अर्ध भाग एकेकाकडे असतो, आणि दुसऱ्याच्या भागातील निर्णयातही त्याने मदत करायची असते. खरी अडचण याच रचनेत आहे. धावणारा गडी पहिल्या पंचाच्या बाजूला असेल, तर ज्याला खो मिळणार त्याची पाठ त्या पंचाकडे आणि तोंड दुसऱ्या पंचाकडे असते. पहिल्याला स्पर्श दिसतो, पण उठणाऱ्याचे तळवे दिसत नाहीत. दुसऱ्याला तळवे समोर दिसतात, पण स्पर्श उठणाऱ्याच्या अंगाआड होतो आणि खो फक्त कानाला कळतो. म्हणजे नियमभंग ज्या दोन गोष्टींच्या क्रमावर ठरतो, त्या दोन्ही एकाच पंचाला सहसा दिसत नाहीत.

भरीस भर म्हणजे नेमक्या त्याच क्षणी पळणारा गडी पाटी पार करून दुसऱ्या पंचाच्या पुढ्यात आलेला असतो. हुलकावणी पाहण्यासारखी असते, आणि नवा पंच तिकडेच पाहत राहतो. तोवर उठणारा दोन पावले टाकून मोकळा झालेला असतो. म्हणून जाणते पंच पळणाऱ्याला डोळ्यांच्या कडेने पाहतात आणि खो येण्याच्या बेतात असलेल्या चौकोनावर नजर आधीच नेऊन ठेवतात. पळणाऱ्याचा कल पाहून तो चौकोन बहुतेक वेळा ओळखता येतो. कोणी काय पाहायचे हे दोघांनी सामन्याआधी ठरवून घ्यावे, हे कोणत्याही नियमात नाही, पण ते केल्याशिवाय हा नियमभंग हाती लागत नाही.

शिक्षा : पंच शिटी वाजवून नियमभंग जाहीर करतो आणि धावणाऱ्या गड्याला घेतलेली दिशा सोडून उलट दिशेने जायला लावतो. त्या कृतीतून कोणी बाद झाला असेल, तर तो बाद धरत नाहीत. खेळ थांबत नाही आणि घड्याळही थांबत नाही. नऊ मिनिटांच्या पाळीत एक उलट वळण म्हणजे पळणाऱ्या तुकडीला मिळालेला भरपूर श्वास. शिटी उशिरा वाजली तर मात्र अडचण होते : गडी टिपला गेलेला असतो, टाळ्या पडलेल्या असतात आणि मग निर्णय फिरवावा लागतो. पंचांत मतभेद झाल्यास शेवटचा शब्द सरपंचाचा. पळणारा दूर असताना झालेल्या किरकोळ अवेळी उठण्याकडे काही पंच कानाडोळा करतात. नियमात अशी सवलत नाही.

अन्य खेळांत : अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू मागे देण्याआधी आक्रमक ओळीतील गडी हलला, तर खेळ तिथेच थांबतो आणि संघाला ५ यार्ड मागे नेतात. बचावाचा गडी आधी घुसला, तर त्याच्यासाठी वेगळे नियम आहेत. तिथल्या पंचाला स्तब्ध ओळ पाहायला निदान क्षणभर मिळतो. धावण्याच्या शर्यतीत बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत हललेला धावपटू यंत्र पकडते. युसेन बोल्ट २०११ मध्ये देगू येथील जागतिक स्पर्धेच्या १०० मी. अंतिम फेरीतून अशाच घाईमुळे बाद झाला. खो-खोत ना स्तब्ध क्षण, ना यंत्र. कबड्डीत चढाई करणाऱ्याने प्रतिपक्षाच्या अंगणात पाय ठेवण्याआधी दम धरायचा असतो. तोही क्रमाचाच नियम आहे, पण तिथे पाहायचा गडी एकच असतो.

नवे स्वरूप : अल्टिमेट खो-खो लीग (२०२२, बालेवाडी, पुणे) आणि जानेवारी २०२५ मधील नवी दिल्लीची विश्वचषक स्पर्धा या ७ गड्यांच्या, ७ मिनिटांच्या पाळ्यांच्या झाल्या. त्यांत कोणत्याही दिशेने धावू शकणारा ‘वजीर’ आला. वजिराला दिशेचे बंधन नसल्याने दिशेचा नियमभंग त्याच्यापुरता मागे पडला, पण बसलेल्याने खोची वाट पाहण्याचा नियम कायम राहिला.

तालुक्यातील सामने : उदाहरणार्थ कुही, नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय भागातील तालुका. अशा तालुका पातळीवरील शालेय सामन्यांत पंचाचे काम बहुधा शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाकडे येते, आणि तो शिक्षक नसलेल्या शाळांत वर्गशिक्षकाकडे. काळ्या मातीच्या मैदानावर फक्कीने आखलेले चौकोन पहिल्या दोन-तीन मिनिटांतच पायांखाली पुसले जातात, मग गडी चौकोनात आहे की बाहेर हे अंदाजानेच ठरवावे लागते.

मुलींचे सामने : नियम तोच.