उंट नसलेले वाळवंट

जुलै १८५०. सहारातील घाट या गावाजवळ, एका झाडाच्या तुटपुंज्या सावलीत २९ वर्षांचा एक जर्मन विद्वान निपचित पडला आहे. पाणी संपले आहे. सावली सरकेल तसा तो सरकतो. मग तेवढेही त्राण उरत नाही. अखेर घसा ओला करण्यासाठी तो स्वतःचेच रक्त चोखतो.

त्याचे नाव हाइनरिख बार्ट. ब्रिटिश सरकारच्या मोहिमेतून तो मध्य आफ्रिकेकडे निघाला होता. या झाडाखाली तो कसा पोहोचला, हे समजण्यासाठी काही दिवस मागे जावे लागते.

मुर्झुकहून घाटकडे येताना, आजच्या नैर्ऋत्य लिबियात, तेलिसाघे नावाच्या कोरड्या नदीपात्रात बार्टला खडकावर कोरलेली चित्रे दिसली. एका चित्रात दोन मानवाकृती होत्या : एकीचे शिर शिंगे असलेल्या प्राण्याचे, दुसरीचे पक्ष्यासारखे, आणि दोघींच्या मध्ये एक बैल. दुसरीकडे गुरांचा कळप. सहारातील शैलचित्रांविषयी युरोपीय अभ्यासकाने लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक.

पण नोंदीहून मोलाचे आहे ते बार्टने काढलेले अनुमान. या चित्रांत उंट कोठेच नव्हता. ज्या प्रदेशात उंटावाचून पाऊल टाकता येत नाही, तेथील कलाकाराने उंट वगळावा कसा? म्हणजे ही चित्रे उंट येण्याआधीची असली पाहिजेत, आणि त्या काळी येथे गुरे वावरत असली पाहिजेत. कालमापनाचे कोणतेही साधन हाताशी नसताना, केवळ चित्रात काय नाही एवढ्यावरून हे सांगणे मला आजही थक्क करते. (कोकणातील कातळशिल्पांमधला गेंडा आपल्याला असाच कोड्यात टाकतो, तेथे प्रश्न उलटा, प्राणी चित्रात आहे आणि परिसरात नाही.)

पुढील संशोधनाने बार्टला दुजोरा दिला. साधारण ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी सहारात पाऊस पडे, तळी होती, गवताळ माळ होते. जवळच्या अकाकुस डोंगररांगेतील ताकारकोरी येथील खापरांवर दुधातील स्निग्धांशाचे अवशेष सापडले. सुमारे ७,००० वर्षांपूर्वी तेथे गुरे दुभती होती, हे २०१२ साली प्रसिद्ध झाले. चित्रांतील गुरे कल्पनेतील नव्हती.

मात्र याच बार्टची नजर एके ठिकाणी अडखळली. रेषा इतक्या ठाम आहेत, तेव्हा कलाकाराचा संबंध किनाऱ्यावरील प्रगत लोकांशी, बहुधा कार्थेजवासीयांशी, आला असावा असे त्याला वाटले. स्थानिकांना हे स्वबळावर साधले असेल, हे मान्य करणे त्या काळातील विद्वानांना जड जाई. चित्रे कार्थेजच्या स्थापनेपूर्वी हजारो वर्षांची असू शकतील, ही कल्पना तर कोणालाच नव्हती.

त्यानंतर घाटजवळ इदिनेन हा डोंगर दिसला. तुआरेग लोक त्याला भुताखेतांचे ठिकाण मानत. तेथे प्राचीन पूजास्थान असेल, शिल्पे किंवा लेख मिळतील, अशी बार्टला आशा होती. वाटाड्या म्हणून यायला कोणी तयार होईना. बार्ट एकटाच निघाला. सोबत थोडे पाणी, बिस्किटे आणि खजूर.

माथ्यावर ना लेख होता, ना शिल्प. उघडा कडा तेवढा. उतरताना तो वाट चुकला. त्याने पिस्तूल झाडले, उत्तर आले नाही. रात्री दूरवर शेकोटी दिसली, पण पाय उचलेनात. दुसऱ्या दिवशी उंटाचा आवाज कानी आला. त्याला शोधत आलेल्या एका तुआरेग माणसाने आधी त्याचा चेहरा पाण्याने पुसला आणि मग पाणी पाजले.

ओव्हरवेग आणि रिचर्डसन हे बार्टचे दोन्ही युरोपीय सहकारी या मोहिमेतच मरण पावले. बार्ट मात्र टिंबक्टू पाहून १८५५ साली परतला आणि त्याने पाच खंडांचे प्रवासवर्णन लिहिले. त्यात उंट नसलेल्या चित्रांची हकीकत आहे, आणि स्वतःच्या फजितीचीही, काहीही न लपवता.

अकाकुसची शैलचित्रे १९८५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि २०१६ साली ती धोक्यातील वारशांत गणली गेली. वारा आणि ऊन हजारो वर्षे सोसलेल्या या खडकांवर २००९ साली कोणीतरी रंगाचे फवारे मारले होते.